मे महिन्यातली विहीर पाहून योजना आखा : लहान गावासाठी भूजलावरील पिण्याच्या पाण्याची व्यवस्था

ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली विहीर पाहून आखलेली नळ पाणीपुरवठा योजना मार्चअखेर आचके देऊ लागते आणि मे महिन्यात गावात टँकर येतो, हे दख्खनच्या पठारावरील गावांना नवे नाही. टाकी उभी असते, नळ घरोघरी पोचलेले असतात, पंपाचीही तक्रार नसते. विहिरीत पाणी तेवढे नसते. म्हणून या लेखात टाकीपासून नव्हे, तर विहिरीपासून, म्हणजे कार्यालयीन भाषेत ज्याला ‘उद्भव’ म्हणतात त्यापासून सुरुवात केली आहे. हिशेबासाठी बाराशे लोकवस्तीचे, बेसाल्टवर वसलेले एक गाव धरले आहे. त्यातले आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून हाच हिशेब ग्रामपंचायत सदस्याला किंवा पाणीपुरवठा समितीला स्वतः करता येतो, आणि तो आराखडा मंजुरीला जाण्यापूर्वीच करावा.

पाणी किती लागेल

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरलेले आहे. त्यापूर्वीच्या ग्रामीण योजना माणशी ४० लिटरवर आखल्या जात. आज १,२०० असलेली वस्ती पंधरा वर्षांनी साधारण १,५०० होईल असे धरल्यास रोजची गरज ८२,५०० लिटर येते. उपशातले दहा टक्के गळती आणि नासाडीत जातील असे धरले, की विहिरीतून दिवसाला सुमारे ९२,००० लिटर उपसावे लागणार हे ठरते. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा राहतो.

यात जनावरांचे पाणी नाही. ज्या गावात दुधाचा धंदा आहे तेथे नळाचे पाणी गोठ्यात जाणारच, आणि दुभती म्हैस माणसाच्या वाट्याहून जास्त पाणी संपवते. त्यामुळे जनावरांची मोजणी आधीच करून त्यांच्यासाठी जुना आड, हातपंप किंवा वेगळा हौद राखून ठेवावा. नाहीतर कागदावरचे ५५ लिटर उन्हाळ्यात ३० वर येतात आणि कोणालाच त्याचे कारण सापडत नाही.

जागा निवडताना

महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश क्षेत्राखाली बेसाल्ट आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा खडक बनला आणि त्यातला प्रत्येक थर पाणी धरत नाही. अखंड काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. पाणी राहते ते मुरुमात, कुजलेल्या आणि सच्छिद्र खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळे एकाच शिवारात एका विहिरीला बारमाही झरा असतो आणि दोनशे फुटांवरची विहीर कोरडी ठणठणीत निघते.

जागेसाठी आधी पायी फिरावे. गावातील जुन्या विहिरींपैकी १९७२ च्या किंवा त्यानंतरच्या दुष्काळांत कोणती आटली नव्हती, हे वयस्कर माणसांना नेमके ठाऊक असते आणि ही माहिती कोणत्याही यंत्राच्या तोडीची असते. ओढ्याचा सखल काठ, दोन ओहोळांचा संगम, पाझर तलावाच्या खालचा भाग आणि मुरुमाचा जाड थर असलेली जागा यांना प्राधान्य द्यावे. टेकडीचा उतार आणि उघडा पडलेला खडक टाळावा. नंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून सर्वेक्षण करून घ्यावे. ही यंत्रणा १९७२ पासून कार्यरत आहे, राज्यातील हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि तिच्याकडे आपल्या पाणलोटाच्या अनेक वर्षांच्या नोंदी असतात. पाणाड्याला बोलवायचे असेल तर गावाने जरूर बोलवावे, नारळही फोडावा. परंतु पाणाड्याने दाखवलेल्या जागी खोदून पाणी लागलेल्या विहिरी गावाला पाठ असतात आणि कोरड्या निघालेल्या कोणी मोजत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

विहीर की विंधन विहीर (बोअर), हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत निघतो. बोअर स्वस्त पडतो आणि एका दिवसात होतो, म्हणून लोकांचा कल तिकडे असतो. मात्र सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असले तर तो साठा सुमारे ८५,००० लिटर भरतो, आणि १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये साठ मीटर पाण्याचा स्तंभ उभा असला तरी त्याच्या पोटात जेमतेम हजार लिटर मावतात. बेसाल्टमधले झरे बहुधा संथ असतात. रात्रभर झिरपलेले पाणी साठवून ठेवायला विहिरीत जागा असते, बोअरमध्ये ती नसते. शिवाय खोल बोअरचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत त्यात फ्लोराइड जास्त आढळते. माझे मत असे की गावाच्या मुख्य योजनेसाठी विहीर घ्यावी. दहा-वीस घरांच्या वाडीला मात्र विंधन विहीर पुरते. एकाच बोअरवर हातपंप आणि सौर पंप बसवून पाच हजार लिटरची टाकी जोडण्याची दुहेरी पंप योजना अशा वाड्यांसाठीच आहे. गावातले हातपंप नळ आले म्हणून उखडू नयेत. देशभर पोचलेल्या इंडिया मार्क-२ हातपंपाचा मूळ आराखडा सोलापूर पंपावरून घेतलेला आहे, आणि वीज गेलेल्या दिवशी आजही तोच कामाला येतो.

उपसा चाचणी

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त हेळसांड याच पायरीची होते. जुनी विहीर वापरायची असो वा नवी खोदलेली असो, तिची क्षमता एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात मोजली गेली पाहिजे. डिसेंबरमध्ये घेतलेल्या चाचणीचा दाखला फाइलला लागतो, गावाला त्याचा उपयोग नसतो.

साहित्य साधे आहे : मीटरच्या खुणा केलेली न ताणणारी दोरी किंवा स्टीलची टेप, टोकाला वजन, घड्याळ, वही आणि विहीर उपसण्याइतका पंप. टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू चोळून ती सोडली, की पाणी नेमके कोठपर्यंत लागले ते ओल्या खडूवरून सेंटिमीटरपर्यंत वाचता येते. विहिरीच्या कठड्यावर एके ठिकाणी तेलरंगाची खूण करावी आणि प्रत्येक माप त्या खुणेपासूनच घ्यावे. चाचणीच्या दिवशी आदल्या संध्याकाळपासून विहिरीवरचा आणि शक्य असल्यास शेजारच्या विहिरींवरचाही उपसा बंद ठेवावा.

सकाळी स्थिर पातळी लिहून पंप सुरू करावा आणि पाणी दीड-दोन मीटर खाली गेले की बंद करावा. उपसलेले पाणी पाट काढून दूर सोडावे, नाहीतर तेच पाणी मुरून विहिरीत परत येते आणि आकडा खोटा चढतो. त्यानंतर पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी आणि पुढे तासातासाने पातळी लिहीत राहावी. किती उपसले यापेक्षा किती भरले हे पाहणे महत्त्वाचे असते.

समजा, सहा मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात तीन मीटर पाणी होते आणि ते १.६ मीटर खाली नेले. पहिल्या सहा तासांत पातळी ०.८ मीटर चढली, पुढच्या सहा तासांत ०.४ मीटर. या विहिरीत पातळी एक मीटर चढणे म्हणजे सुमारे २८,२५० लिटर पाणी येणे. म्हणजे पहिल्या सहा तासांत २२,६०० लिटर आले आणि नंतरच्या सहा तासांत ११,३०० लिटर. विहीर जसजशी भरते तसतसा झरा मंदावतो, कारण खडकातले पाणी आणि विहिरीतले पाणी यांच्या पातळीतील फरक कमी होत जातो. पहिल्या तासाची आवक चोवीसने गुणून ‘विहिरीला दिवसाला लाखभर लिटर पाणी आहे’ असे सांगणारे महाभाग भेटतात. ते हीच गोष्ट विसरतात.

यातूनच पंप कसा चालवावा तेही कळते. आपल्याला ९२,००० लिटर आठ तासांत उपसायचे आहेत, म्हणजे ताशी ११,५०० लिटर. वरच्या विहिरीवर हे आठ तास सलग चालवले तर पाणी रोज साधारण सव्वादोन मीटर खाली जाईल आणि पंपाखाली पाऊण मीटरच उरेल. गाळ ओढला जाईल आणि मोटार जळण्याची भीती राहील. तेच पहाटे चार तास आणि संध्याकाळी चार तास असे विभागले तर उतार पावणेदोन मीटरच्या आसपास थांबतो. विहीर तीच आणि पाणीही तेवढेच. मधल्या आठ तासांच्या विसाव्याने योजना मे महिना तरून जाते. चाचणीत एवढाही पुरवठा दिसला नाही, तर त्या उद्भवावर योजना आखू नये, दुसरी विहीर जोडावी किंवा दुसरी जागा पाहावी. हे सांगायला जड जाते, कारण तोवर गावात बॅनर लागलेले असतात.

जमीन आणि कायदा

विहिरीची, पंपगृहाची आणि टाकीची जागा ग्रामपंचायतीच्या नावावर झाल्याशिवाय कुदळ मारू नये. बक्षीसपत्र किंवा खरेदीखत नोंदवून सातबाऱ्यावर फेरफार झालेला पाहावा, आणि जलवाहिनी ज्यांच्या बांधावरून जाणार त्यांची लेखी संमती घ्यावी. माझ्या माहितीतील एका गावात तोंडी शब्दावर विहीर खोदली गेली. शब्द देणारे आजोबा वारले आणि मुलांच्या वाटणीत विहीर ज्याच्या वाट्याला आली त्याने पंपगृहाला स्वतःचे कुलूप लावले. पाच महिने गाव हातपंपावर राहिले. त्या मुलाची बाजू कायद्याने चुकीची नव्हती, म्हणून तर भांडण लांबले.

दुसरी बाब संरक्षणाची. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने मनाई केली. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला, त्यातही अशा उद्भवांच्या संरक्षणाच्या तरतुदी आहेत. व्यवहारात गावातल्या गावात कोणी कोणाविरुद्ध अर्ज करत नाही. म्हणून विहीर ठरतानाच आसपासच्या सर्व विहिरी आणि बोअर नकाशावर मांडून तो नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि यापुढे त्या टापूत नवा बोअर होणार नाही असा ठराव करून घ्यावा. बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी गेलेली असते. नंतर कायदा दाखवून उपयोग नसतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर गावानेच बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवली. पिण्याची विहीर वाचवण्याचा मार्ग शेतीच्या पाण्यातूनच जातो, हे तेथे लखलखीत दिसते.

विहिरीचे बांधकाम

मातीचा आणि मुरुमाचा भाग संपून पक्का खडक लागेपर्यंत काँक्रीटचे कडे बांधावे. त्यात पाणी येण्यासाठी छिद्रे ठेवावीत, पण वरच्या दोन-तीन मीटरांत ठेवू नयेत, कारण तेथून झरा येत नाही, पावसाचे घाण पाणी मात्र येते. कठडा कमरेइतका असावा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला काँक्रीटचा ओटा असावा आणि तोंडावर लोखंडी जाळी असावी. शोषखड्ड्याचे शौचालय विहिरीपासून किमान पंधरा मीटर लांब असावे असे सांगितले जाते. भेगाळ खडकात घाण बरीच दूरवर जाऊ शकते, तेव्हा मी याच्या दुप्पट अंतर धरतो. उकिरडेही याच हिशेबात धरावेत. धुणी धुण्याचा दगड विहिरीजवळ पूर्वापार असेल तर तो गोडीगुलाबीने हलवावा.

पंप, ऊर्ध्ववाहिनी आणि टाकी

पंपाची ताकद ठरवताना पाणी एकूण किती उंच चढवायचे ते पाहतात. नमुन्याच्या गावात उन्हाळ्यातली पातळी जमिनीखाली १२ मीटर, टाकीची जागा विहिरीपेक्षा १० मीटर उंच, टाकीचा माथा जमिनीपासून १५ मीटर आणि नळातील घर्षणापोटी ८ मीटर, अशी एकूण ४५ मीटर उंची होते. सेकंदाला ३.२ लिटर पाणी एवढे चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर, चार अश्वशक्तीच्या जवळ ताकद लागते. म्हणून पाच अश्वशक्तीचा पंप घ्यावा आणि तसाच दुसरा पंप तयार ठेवावा. साडेसात किंवा दहा अश्वशक्तीचा पंप ‘असू द्या, कामाला येईल’ म्हणून बसवणे ही चैन नव्हे, चूक आहे. तो विहीर झटपट तळाला नेतो आणि वीजबिलही वाढवतो.

विहिरीपासून टाकीपर्यंतच्या नळाला ऊर्ध्ववाहिनी म्हणतात. तिच्या व्यासात काटकसर करण्याचा मोह अंदाजपत्रकात नेहमी होतो. आतून ७५ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिक नळात वरच्या प्रवाहाला किलोमीटरमागे सुमारे ८ मीटर उंचीइतका तोटा होतो; तोच नळ आतून ५५ मिलिमीटरचा घेतला की तोटा ३७ मीटरच्या घरात जातो. नळावर एकदा वाचवलेले पैसे मग दर महिन्याच्या बिलातून जात राहतात. नळ किमान तीन फूट खोल, खाली बारीक मुरूम अंथरून टाकावा. चढाच्या माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ सोडण्याची तोटी बसवावी. चर बुजवण्यापूर्वी दाबचाचणी समितीच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे.

विजेबाबत एक बारकावा गावांच्या उशिरा लक्षात येतो. उद्भव शिवारात असल्याने पंपाची जोडणी बहुधा शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वीजवाहिनीवर, दिली जाते, आणि त्यावर दिवसाचे मोजके तास, तेही आठवड्याआड रात्रीचे, वीज असते. पहाटे-संध्याकाळचे वेळापत्रक तेथे कोलमडते. म्हणून गावठाण फीडरवरून वेगळी वाहिनी ओढण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरून घ्यावा.

टाकी रोजच्या गरजेच्या निम्मी, म्हणजे येथे ५०,००० लिटरची पुरेशी होते. ती गावातल्या उंच जागी असावी, देवळासमोर शोभते म्हणून सखल मैदानात नव्हे.

गावातले वाटप

एकाच वेळी सगळ्या गावाला पाणी सोडले की खालच्या आळीत धो-धो पाणी आणि वरच्या आळीत नळाला शीळ, हे ठरलेले. उंचीनुसार गावाचे तीन-चार भाग करून प्रत्येक भागाला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावा आणि पाणी वरच्या भागाला आधी सोडावे. प्रत्येक नळजोडणीवर प्रवाह मर्यादित करणारी तोटी बसवावी. नळाला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटार, लावणाऱ्याचे पाणी तोडण्याचा ठराव पहिल्याच ग्रामसभेत करावा, कारण एकदा दहा घरांत टिल्लू पंप लागले की अकरावे घर निरुपायाने लावतेच.

टिल्लू पंपाचा दुसरा दोष आरोग्याचा आहे. पाणी तासभरच येते आणि उरलेला दिवस नळ रिकामे असतात. घराकडे जाणारी अर्धा इंची नळी बहुतेक गावांत गटार ओलांडून, किंबहुना गटारातूनच, जाते. तिचा सांधा सैल असेल तर रिकाम्या नळीत गटाराचे पाणी शिरते आणि टिल्लू पंप ते जोराने ओढून घेतो. एखाद्या आळीत अचानक जुलाब सुरू झाले तर विहीर तपासण्याआधी त्या आळीतली गटारे ओलांडणारी नळजोडणी उकरून पाहावी. ओलांडणीच्या जागी नळी गटाराच्या वरून, दुसऱ्या मोठ्या नळातून न्यावी.

तपासणी आणि टीसीएल

उद्भव निश्चित करण्यापूर्वीच पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे भारतीय मानक आहे. त्यानुसार नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि त्यात सवलत नाही; फ्लोराइड १ पर्यंत योग्य आणि दुसरा उद्भवच नसेल तर १.५ पर्यंत, एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत योग्य आणि पर्याय नसल्यास २,००० पर्यंत. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात क्षारांची मर्यादा भूजलाने सहज ओलांडली जाते. तेथे विहिरीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. नायट्रेट वाढलेले दिसले तर उकिरडा, शौचालयाचे खड्डे आणि वरच्या शेतातील युरिया यांकडे पाहावे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते.

योजना चालू झाल्यावर रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, होणे अपेक्षित आहे. जैविक नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नये आणि ती थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी. शीतपेयाच्या बाटलीत भरून तीन दिवसांनी नेलेल्या नमुन्याचा अहवाल येतो खरा, पण त्याला अर्थ नसतो. आरोग्य विभागाच्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले तर ते कपाटात न ठेवता त्यातले दोष ग्रामसभेत वाचावेत.

रोजचे शुद्धीकरण टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरीने होते आणि ते जलसुरक्षकाच्या हाती असते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. अशी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम टाकली तर लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. पन्नास हजार लिटरच्या टाकीला म्हणजे १२५ ग्रॅम. पावडर जुनी होऊन क्लोरीन २० टक्क्यांवर आले असेल, तर त्याच टाकीला दोनशे ग्रॅमच्या वर लागते. टाकी दिवसातून दोनदा भरते, म्हणून मात्राही दोनदा. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की यापेक्षा जास्त लागते. किती, ते शेवटच्या नळावरच्या चाचणीवरून ठरवावे.

पावडर थेट टाकीत ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग बादली पाण्याने भरून ढवळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. चुना तळाला बसतो आणि वर निवळी येते. निवळी तेवढी टाकीत सोडावी, चुना फेकून द्यावा. पाणी गावात सोडण्यापूर्वी किमान अर्धा तास जाऊ द्यावा. पावडर कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावी. स्टार्टरच्या खोलीत तिची उघडी पिशवी ठेवण्याची सवय सर्रास आढळते. वर्षभरात पावडर निकामी होते आणि तिच्या वाफेने स्टार्टरचे पॉइंटही गंजतात, म्हणजे दुहेरी नुकसान.

चाचणी शेवटच्या घराच्या नळावर करावी, कारण टाकीखालच्या नळावर क्लोरीन असणारच. परीक्षानळीतल्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पहिल्या दहा सेकंदांत दिसलेला रंगच मोकळ्या क्लोरीनचा, नंतर गडद होत जाणारा मोजायचा नाही. ते द्रावण हाताला लागू देऊ नये आणि तपासलेले पाणी कोणी पिऊ नये; डीपीडी गोळ्या मिळाल्या तर त्या अधिक बऱ्या, त्यांनी रंग गुलाबी येतो. शेवटच्या नळावर लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे.

पैसे

जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाच्या दहा टक्के, तर डोंगराळ, वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांसाठी पाच टक्के लोकवर्गणीची अपेक्षा आहे. वर्गणी एकदाच असते, खर्च दर महिन्याचा असतो. समजा वीजबिल ८,०००, पाणी सोडणाऱ्याचे मानधन ६,०००, टीसीएल आणि तपासणी १,००० आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ५,०००, असे महिन्याला २०,००० रुपये लागतात. २४० घरांत हे घरटी ८४ रुपयांच्या आत बसते. परंतु शंभर टक्के वसुली होत नाही. ऐंशी टक्के धरली तर पाणीपट्टी १०५ रुपये ठेवावी लागते. बहुतेक गावांत दुरुस्तीचे पाच हजार प्रथम वगळले जातात, आणि मोटार मे महिन्यातच जळते, कारण तेव्हाच पाणी तळाला असते. पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. वही आणि वसुली त्यांच्या हाती दिलेल्या गावांत हिशेब जास्त चोख राहिलेला मी पाहिला आहे.

योजना ताब्यात घेताना ठेकेदाराकडून नळ प्रत्यक्ष जेथे टाकले तेथला नकाशा आणि व्हॉल्व्हच्या जागा लिहून घ्याव्यात. ज्याला व्हॉल्व्ह ठाऊक आहेत असा गावात एकच माणूस असतो, आणि तो लग्नाला परगावी गेला की गाव कोरडे राहते.

उद्भव टिकवणे

विहिरीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव, सिमेंट बंधारा किंवा ओढ्यात भूमिगत बंधारा घेतल्याने फरक पडतो. जुन्या पाझर तलावातला गाळ काढणे हे नव्या बंधाऱ्याइतकेच मोलाचे काम आहे. झरा क्षीण असेल तर विहिरीत आडवे बोअर घेता येतात, आणि खडक आवळलेला असेल तेथे विहिरीभोवती नियंत्रित सुरुंगाने भेगा मोकळ्या करण्याचे तंत्र भूजल यंत्रणा वापरते. हे काम माहितगाराशिवाय कोणीही करू नये, कारण भेग खालच्या दिशेने उघडली तर आहे ते पाणीही निघून जाते.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, पंप सुरू होण्यापूर्वी पहाटे, कठड्यावरच्या त्याच तेलरंगाच्या खुणेपासून पातळी मोजून वहीत लिहावी. दोन-तीन वर्षांत वही बोलू लागते. फेब्रुवारीची पातळी मागच्या फेब्रुवारीपेक्षा एक मीटर खाली दिसली तर एप्रिलची वाट न पाहता मार्चपासूनच पाणी एक दिवसाआड करावे, आणि टंचाई आराखड्यात गावाचे नाव व मागणी वेळेत घालावी. अधिग्रहणासाठी शिवारातली कोणती खाजगी विहीर घ्यायची ते मालकाशी आधीच बोलून ठरवावे, तिचा नमुना मार्चमध्येच प्रयोगशाळेत पाठवावा आणि तिच्यापासून ऊर्ध्ववाहिनीपर्यंत किती मीटर नळ लागेल ते मोजून त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे.